बाबलचं गाऱ्हाणं

माझी दारू सुटायला पुढे डॉक्टरही लागला आणि बायकोचा दराराही. पण सुरुवात केली ती बाबलने, दोन हजार चारच्या सुमाराला.

वाडीच्या देवळात व्यसनमुक्तीची सभा होती. पाहुण्यांची भाषणं झाली. आम्ही किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे पुरुष मागे बसून जांभया देत होतो. मग बाबलला उभं केलं. एके काळचा पक्का बेवडा, आता वर्षभर थेंब नाही. देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याच घराण्याचा. पण माईक हातात आल्यावर त्याला भाषण काही सुचेना. त्याने घाम पुसला, देवाकडे वळून हात जोडले आणि सवयीच्या सुरात सुरू झाला.

"लेकराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

आम्हीही सवयीने ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

"दर्यात गेलेल्या होड्यांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आजपासून हे रापणकार दारूक हात लावूचे नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बोलून गेल्यावर आम्ही जिभा चावल्या. मग बायकांच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर मी बाबलला गाठलं. "मेल्या, फसवलंस आमका!"

"मी खंय फसवलंय? व्हय कोणी म्हटल्यान?"

संध्याकाळी राहवेना, म्हणून लपतछपत गुत्त्यावर गेलो, तर दाराला कुलूप. मालक पायरीवर डोक्याला हात लावून बसलेला.

म्हटलं, "उघड रे!"

"कसा उघडू? मीय थंयच होतंय. मीय व्हय म्हटलंय!"