उंबऱ्याबाहेरचा बूट

नाही हो, दोनच भोकं पाडतात म्हणून तसं नाही समजायचं — मीही अगदी तुमच्यासारखंच म्हणाले होते, दोन भोकं, दोन-दोन टाके, दुसऱ्या दिवशी घरी, त्यात काय एवढं. तुमच्या ध्रुवचं ऑपरेशन गुरुवारी ना? त्याच्याशी मराठीत बोलताना ऐकलं म्हणून तर सरकून बसले तुमच्याजवळ, इथं घराबाहेर कुठं कानावर पडतं मराठी. तर सांगते. भोकं बारीक, पण आतलं काम मोठं. घोट्यातली बिघडलेली कूर्चा खरवडतात, हाडाला टोचे मारतात, मग तिथं नवी यायची वाट बघायची — सहा आठवडे पाय टेकायचा नाही. नाही म्हणजे अजिबात नाही. तो काळा मोठा बूट, कुबड्या, बसलं की पाय उशीवर. टाके भिजवायचे नाहीत. पोटरी सुजली, दुखली, तर उद्यावर ढकलायचं नाही, लगेच फोन करायचा. पाऊल बधिर वाटलं तर तेही सांगायचं. सगळं पाठ झालंय मला — आता झालंय.

ती खिडकीपाशी, हिरवा कुर्ता, ती संहिता, माझी सून. चिकपेटच्या बाजारात माझ्याच साडीला गेलो होतो, तिथं गटारावरची फरशी हलली नि तिचा पाय मुरगळला. ऑपरेशनला पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, आत भरलंच नाही. का नाही, त्यांना कळत नाही. बूट सतत होता ना, विचारतात. ती म्हणते, होता.

नव्हता. आता काय सांगू तुम्हाला — आमचं घर मडीचं, तुम्ही सोवळं म्हणता ना, तेच. जे. पी. नगरला राहायला आलो तेव्हापासून उंबऱ्याच्या आत चप्पल आलेली नाही, आणि देवघर तर स्वयंपाकघराला लागून. दवाखान्यातनं आली त्या दिवशी मी दारातच म्हणाले, संहिता, तो बूट तेवढा बाहेर काढ गं. कुबड्याही तिथंच ठेव, रस्त्यावरनं टेकत आणल्यायत. रागावून नाही हो, रोज कुणालाही म्हणावं तसं म्हणाले. पुण्याची मुलगी, वाद घालेल वाटलं होतं — नाही घातला. दोन दिवस भिंत धरून एका पायावर गेली. मग टेकायला लागली. मला दिसत होतं. मी म्हणाले, बरं वाटतंय वाटतं. श्रीहर्ष, माझा मुलगा, बेळ्ळंदूरच्या ऑफिसातनं रात्री यायचा, त्याला बूट दारात दिसायचा, वाटायचं झोपायला म्हणून काढला असेल.

आणि मग एकदा इथंच फिजिओथेरपीवाली मुलगी दुसऱ्या कुणाला तरी सांगत होती — घरात बुटाचा नि कुबड्यांचा तळ पुसून घ्या, नाहीतर वरून पिशवी चढवा. पिशवी. एवढंच होतं. माझ्या जुन्या मडीच्या साडीची शिवली मी, नाडी लावून, ही बघा. पण तोवर सहा आठवडे होऊन गेले होते.

आता डॉक्टर म्हणतायत, एवढं पाळूनही भरलं नाही, म्हणजे घोटा उघडूनच करावं लागेल, मोठं. पाळलंच नाही, हे त्यांना माहीत नाही ना. कळलं तर कदाचित दुसरं काही सुचवतील — मला काय कळतंय त्यातलं. सकाळी रिक्षात म्हणाली, आई, तुम्ही आत नका येऊ, बाहेरच बसा. मला वाटलं, रागावली. राग नाही हो तो. माझी मान खाली जाऊ नये म्हणून घोटा उघडून घ्यायला निघालीय ही मुलगी, आणि मी इथं बसून तुम्हाला टाके भिजवू नका म्हणून सांगतेय.

तिचंच नाव घेतलं वाटतं. हातानं सांगतेय बघा, बसा म्हणून.

ही पिशवी तुम्ही ठेवा, ध्रुवच्या बुटाला होईल. आमच्या घरात आता बूट तसाच आत येईल. सरी, बरं तर, स्वल्प, जरासा पाय घ्या बाजूला — मला आत जायचंय.