पोळ्याची जोडी

(हिंगणी. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी. गोठ्यात विमलाबाई आणि त्यांचा धाकटा मुलगा धनंजय बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावताहेत.)

धनंजय : नाई म्हनलं ना, माय. उद्या मी वर्ध्याले जात नाई.

विमलाबाई : अरे, दवाखान्यात अंकुशच्या सुईची तारीख हाये. सुई चुकली त कोर्ट त्याले पुन्हा जेलमंधी टाकन. जज साहेबासमोर हमी तूच घेतली ना?

धनंजय : घेतली. बंडूजीचं दुकान त्यानं पेटवलं, अन् कोर्टात हात जोडून मी उभा राह्यलो. जेल नको, इलाज करतो म्हनलं. तवा का मालूम, घरी येऊन तो राजा होईन!

विमलाबाई : बिमार हाये तो. कानात आवाज येत होते त्याले.

धनंजय : आता तूच आवाज देऊन राह्यली दिवसभर. अंकुश, गोळी घेतली का? अंकुश, झोप लागली का? त्याच्या खिचडीवर तुपाची धार, माह्या ताटात कोरडी पोळी.

विमलाबाई : मागतलं असतं त देलं नसतं का?

धनंजय : त्याले मागा लागते का? अन् उद्या तोरनाखाली जोडी बी त्यानंच न्यायची!

विमलाबाई : मोठा हाये तो. गावाले दिसू दे, माहा पोरगा बरा झाला.

धनंजय : अन् वर्षभर वखर कोनं हानला? बैलाच्या खांद्याले तूप चोळतं तू, माह्या खांद्यावर कधी हात तरी ठेवला का? जळतो मी त्याच्यावर, माय. खरंच जळतो.

विमलाबाई : हळू बोल. अंकुश दारात उभा हाये.

अंकुश : बोलू दे त्याले. मी बी जळतो त्याच्यावर.

धनंजय : माह्यावर? काऊन?

अंकुश : तू वावरात गेला त तुह्या मागं कोनी पाहाले येत नाई. तू चुलीपाशी बसला त माय माचिस लपवत नाई.

विमलाबाई : मी कुठं लपवतो रे...

अंकुश : आता बी कमरेले खोचली हाये, माय. राहू दे. धन्या, जोडी तूच ने. सुईले मी एकटा जातो.

धनंजय : एकटा कसा जाशीन? हमी माही हाये. सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊ, पोळा भरासाठी वापस येऊ.

अंकुश : अन् जोडी?

धनंजय : पवन्याचा कासरा तू धरजो. सर्ज्याले मात्र हात लावाचा नाई, दादा. तो माहा हाये.