बूट काढा, गवतात बेडकं आहेत

नाही नाही, तिथे पाय ठेवू नका. मागे. अजून मागे – हां, त्या फरशीवर उभे राहा आणि आधी बूट काढा. मोजे पण. का म्हणजे, खाली बघा ना. गवत हलतंय की नाही? वारा नाहीये तो, बेडकं आहेत. नखाएवढी. मीसुद्धा सकाळी तुमच्यासारखीच बघत राहिले – नातीचा वाढदिवस आहे, पोरं बागडणार, हिरवळ जरा टवटवीत दिसावी म्हणून नळी लावून चांगली भिजवली, आणि चहा घेऊन बाहेर येते तर काय, त्या कोपऱ्यातल्या जुन्या टबातून सगळी बिऱ्हाडं बाहेर निघालेली. कालपर्यंत शेपट्या हलवत पाण्यात होती, आज पाय फुटले म्हणून लगेच जग बघायला. केक तिकडे खिडकीत ठेवा, सावलीत. आत नको, आत मुंग्या झाल्यात. खिडकीतही होतील म्हणा. ठेवा.

तुम्ही दातांचे डॉक्टर ना? ओळखलं मी. सूनबाईने फोटो दाखवला होता. सूनबाई म्हणजे – कायद्याने ती आता माझी सून नाही, हे माहितीये मला. माझ्याच लेकाने कोर्टात जाऊन ते नातं मोडून घेतलं आणि दूर कुठेतरी दुसरा संसार थाटला. पण तोंडाला सवय लागलेली असते हो. आणि ती अजून मला आई म्हणते, मग मी काय तिला मॅडम म्हणू? आता तुमचंच बघा. पुढच्या महिन्यात तुम्ही तिच्याशी लग्न करणार, मग मी तुमची कोण? मी रात्रभर – रात्रभर नाही, झोपते मी चांगली – पण विचार केला. मावशी नाही, आत्या नाही, सासू तर नाहीच नाही. बायकोच्या आधीच्या नवऱ्याची आई. याला शब्दच नाही आपल्याकडे. साडू आहे, व्याही आहे, विहीण आहे, नणंदेच्या नवऱ्यालासुद्धा काहीतरी हाक मारता येते, मलाच तेवढी नाही. तुम्ही सध्या काही म्हणूच नका. ही चाळणी घ्या.

बसा खाली, उकिडवे. पँटचं काय, धुतली की झाली. असं नाही, वरून झडप नाही घालायची – चाळणी पुढे धरायची आणि मागून गवतावर बोट फिरवायचं, तो आपणहून उडी मारतो आत. बघा. जमलं की. तुम्हाला नाजूक कामाची सवयच असेल म्हणा, लोकांच्या तोंडात हात घालायचा म्हणजे. मी हसताना तोंडावर हात धरते ते त्यासाठीच हं, नाहीतर तुम्ही हसू सोडून दाढाच मोजाल. भरली चाळणी की तिकडे कुंपणाखाली पालापाचोळ्यात सोडून यायचं. दबकत जा मात्र, त्या कुंपणात बुलबुलाने घरटं केलंय, आणि बाई तापट आहे. परवा मी फांदी छाटायला गेले तर डोक्यावर येऊन अशी भांडली, अशी भांडली, कात्री तिथेच टाकून पळाले मी. माझ्याच घरात. आणि तो भिंतीवरचा कावळा बघितलात? सकाळपासून बसलाय. पंगतीला आल्यासारखा. त्याच्यावर एक डोळा ठेवा.

टब ना? न्हाणीघरातला आहे, फुटका, बाहेर काढून ठेवलेला. भंगारवाला येईल येईल म्हणता म्हणता पावसाने भरला, आणि पाऊस सरता सरता एका बेडकीने त्यात अंडी घातली – काचेच्या मण्यांसारखी, मध्ये काळा ठिपका. मी ओतूनच देणार होते. भुंगीने देऊ दिली नाहीत. भुंगी म्हणजे नात हो, सारखी गुणगुणत असते म्हणून भुंगी. तुम्ही काय म्हणता तिला? नावाने? असं होय. शनिवारी शाळेला सुट्टी, पण तिच्या आईचं औषधांचं दुकान उघडं असतं, मग ती माझ्याकडे. दिवसभर टबाशी पालथी. पोटाला चिखल, केसात काड्या. आजी, याला मागचे पाय आले. आजी, याने त्याला ढकललं. आजी, शेपटी गळते तेव्हा दुखतं का गं? आता मला काय माहीत, मी आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलं. तरी मी म्हटलं, गळत नाही, आत जिरते, आणि जिरताना भूक लागत नाही त्यांना. कुठूनतरी ऐकलं होतं, खरं निघालं बहुतेक. तुम्हाला माहितीये? नाही ना. दातांत येत नाही ते.

अहो डावीकडे – अरे, हळू, गुडघा उचल, गुडघ्याखाली आहे. उचला. माफ करा हं, घाईत अरे निघून गेलं.

नाही, थांबा, तुम्ही बोलू नका. मला माहितीये तुम्ही लवकर का आलात. केक काय, तीही आणू शकली असती येताना. आल्यापासून दोनदा तोंड उघडलंत, आणि दोन्ही वेळा मी तुम्हाला बेडूक दाखवला. मुद्दामच. तिसऱ्यांदा कावळा दाखवणार होते. तुमचं दुसरीकडे जायचं ठरतंय ना? मोठं इस्पितळ, चांगली जागा, सगळं समजलंय मला. सूनबाईने नाही सांगितलं, तिच्यावर रागावू नका, तिची हिंमत होत नाहीये बिचारीची. भुंगीच बोलून गेली. गेल्या शनिवारी, इथेच, पालथी पडल्या पडल्या, माझ्याकडे न बघता. म्हणाली, “आजी, आम्ही तिकडे राहायला गेल्यावर मी तुझी नात राहीन ना?”

मी म्हटलं, आधी हात धू.

तोंडात तेवढंच आलं. ती गेली हात धुवायला आणि आली ती दुसरंच काही विचारत. पण संध्याकाळी ती घरी गेल्यावर मी काय केलं सांगू? सांगत नव्हते खरं तर. मागची खोली रंगवून घेतली. पिवळी. तिला पिवळा आवडतो. पलंग हलवला, टेबल लावलं खिडकीपाशी, आणि मनात भाषण तयार केलं – आज सगळी पोरं गेली की तुम्हा दोघांना बसवायचं आणि म्हणायचं, तुमचं नवं लग्न, नवी जागा, नवी नोकरी, पोरीची शाळा कशाला बदलता, राहू दे तिला माझ्याकडे. अगदी गोड शब्दांत. आणि तुम्ही नाही म्हणालात तर जरा छातीत दुखल्यासारखं करायचं, असंही ठरलं होतं. हसताय काय, मी चांगलं केलं असतं.

तुमच्याशी मुळात बोलायचंच नाही असं ठरलं होतं. आणि बघा, तुम्ही आल्यापासून तोंड मिटलं असेल तर शपथ.

काय म्हणालात? मी? तिकडे? तुमच्याबरोबर? नाही हो. नाही. वेड लागलं का? मी इथून हलणार नाही, मला इथला नळ कधी जातो ते माहितीये, शेजारीण माहितीये. आणि हा टब. पुढच्या वर्षी ह्याच बेडक्या परत येतील की अंडी घालायला, म्हणतात ना, जिथे जन्मल्या तिथेच येतात. नाही. पण – हे तुम्ही तिच्या सांगण्यावरून विचारलंत की आपणहून? तिला माहीतच नाही? बरं.

बरं.

म्हणजे भाषण वायाच गेलं माझं. जाऊ दे. तसंही ते ऐकून भुंगी एकतर हो म्हणाली असती नाहीतर नाही, आणि दोन्हीने मला झोप आली नसती. तिची आई तर गप्पच झाली असती. बारा वर्षं बघतेय तिला, ती गप्प झाली की घर खायला उठतं. खोली राहील तशीच. सुट्टीत येत जा तिघं, पलंग मोठा आहे, तू खाली झोप. आणि पोरीला मीच सांगते आज, केक कापायच्या आधी. नात म्हणजे काय गाडीचं तिकीट आहे का, गाव आलं की संपलं. हात धू म्हटलं होतं तेव्हा, आता धुतलेत ना तिने.

तो बघ, तुझ्या बुटात गेला एक. राहू दे, घाबरलाय, आपला आपण येईल बाहेर. सावकाश घाल नंतर.

फाटक वाजलं का? आल्या. लवकरच आल्या की. जा, तू उघड. तसाच जा, अनवाणी, चिखल असू दे हाताला – तिला आवडेल. आणि सांग दोघींना, फरशीवरूनच यायचं. मी? मी बसते जरा इथेच. छे, पायाला काही झालं नाही. पायावर बेडूक बसलाय माझ्या, उठले तर दचकेल. माझ्याकडे काय बघतोस? जा म्हटलं ना.