साबणावरून गेलेले साहेब

नाही, मला एक सांगा, माणूस मारला म्हणून कुणी बोलणं टाकतं का? आणि माणूस तरी कुठला, कथेतला! मोबाईलमधला! ज्याला हाड नाही, मांस नाही, ज्याच्या शर्टाला कधी इस्त्री करावी लागली नाही असा माणूस. तो मी मारला. एका ओळीत मारला, त्याला त्रासही दिला नाही फारसा. तर माझी मैत्रीण गेली की हो ग्रुप सोडून! मैत्रीण म्हणजे काय... तोंड पाहिलेलं नाही एकमेकींचं. पण गेली ना.

तुम्हाला सांगते, माझं इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि कपड्यांचे गठ्ठे, त्यात मी. शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथीत बाई कमी होत्या आणि सुट्ट्या जास्त. पण गोष्टी मात्र लहानपणापासून डोक्यात अशा उकळत असायच्या की झाकण ठेवू कुठं. मग भाचीनं मोबाईलमध्ये दाखवून दिलं, की मावशी, हे बटण दाबायचं आणि बोलायचं, तो आपोआप लिहितो. बस्स! हात इस्त्रीला, तोंड मोकळं. मोबाईल हँगरला अडकवला आणि झाले मी लेखिका.

लेखिकेला टोपणनाव लागतं म्हणे. मी घेतलं निखारा. आमचे हे म्हणाले, नाव घ्यायची गरज नव्हती, स्वभावावरून लोकांनी ओळखलं असतं.

तर एका कथांच्या ॲपवर आम्ही चौघं जमलो. एक गुरुजी, निवृत्त शिक्षक, ग्रुपचे मालक असल्यासारखे नियम काढणारे. स्वप्न पडलं असं लिहायचं नाही, जुळा भाऊ आणायचा नाही, आणि ग्रुपवर घरचं काढायचं नाही, फक्त साहित्य. दुसरा एक दातांचा डॉक्टर, त्याचं टोपणनाव एकाकी ढग. दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो आणि संध्याकाळी नुसता पाऊस लिहितो. काहीही प्रसंग द्या, त्यात तो पाऊस पाडणार. तिसरी मी. आणि चौथी पानगळ. चष्म्याच्या दुकानात काम करते एवढंच माहीत, आणि फोटोच्या जागी एक वाळकं पान. त्याच्यापलीकडे तोंड पाहिलेलं नाही हो एकमेकींचं.

मैत्री कशी झाली ते ऐका. मी एकदा फार करुण प्रसंग बोलत होते. नायिका घर सोडून निघालीय, दाराशी उभी आहे, मागं वळून बघते... एवढ्यात गिऱ्हाईक आलं, पँट टाकली टेबलावर. मी तशीच बोलले त्याला आणि मोबाईलनं तेही लिहून घेतलं. मला काय पत्ता? भाग गेला छापून. नायिका मागं वळून बघते आणि लगेच पुढं, 'हा डाग जाणार नाही, आधीच सांगते, मग माझ्या नावानं बोंब मारायची नाही.'

गुरुजींनी लिहिलं, डागाची प्रतिमा फार खोल आहे. ढगानं लिहिलं, अंगावर काटा आला. वाचक रडले! मी गप्प बसले, आलेलं कौतुक परत करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. फक्त पानगळीनं वेगळा निरोप पाठवला, मला एकटीला. गिऱ्हाईक आलं होतं का ग?

मी इस्त्री बाजूला ठेवून हसले. इतकी हसले की समोरचा किल्लीवाला बघायला आला. ही बाई वाचते हो! बाकीचे नुसते अंगठे दाखवतात, फुलं पाठवतात, न वाचताच अप्रतिम म्हणतात. मीही म्हणते, खोटं कशाला बोलू. पण ही ओळ अन् ओळ वाचायची. निखारा, तुझ्या कथेतल्या पोरी कधी जेवत का नाहीत? निखारा, तो खलनायक बरा माणूस निघेल असं वाटतंय, बघ जरा. सकाळी मी इस्त्री तापायला लावली की तिचा निरोप यायचाच. माझ्याशी इतकं बोलणारं दुसरं कोण आहे? गिऱ्हाईक बोलतं ते कॉलरबद्दल. हे बोलतात ते जेवणाबद्दल. जाऊबाई बोलतात त्या माझ्याबद्दल, पण दुसऱ्यांशी.

जाऊबाई म्हणायच्या, अहो, जिचं तोंड पाहिलं नाही तिच्याशी कसली मैत्री? मी म्हटलं, तुमचं रोज पाहते, कुठं झालीय?

असो. तर गुरुजींनी काढली टूम, की चौघांनी मिळून एक कादंबरी लिहायची. पाळीपाळीनं एकेक भाग. साखळी कादंबरी. नाव असं ठेवलं की मला अजून एका श्वासात म्हणता येत नाही. एक मोठं घर, त्यात एक बाई, आणि तिचा नवरा. त्याला नाव नाही, नुसते साहेब. हे साहेब आणले पानगळीनं. आणि तिची पाळी आली की दुसरं काही नाहीच! साहेब ओला टॉवेल गादीवर टाकतात. साहेब पेपर वाचतात आणि वाचून झालेलं पानही देत नाहीत. बाई बोलायला लागली की साहेब टीव्हीचा आवाज वाढवतात. साहेब चहा पितात आणि कप सरकवतात, एक शब्द नाही. भागामागून भाग. मी कथेत दरोडा घालायची, गुरुजी तत्त्वज्ञान घालायचे, ढग पाऊस पाडायचा, आणि पानगळ परत त्या साहेबांना आणून खुर्चीवर बसवायची. जिना चढताना साहेबांचा गुडघा दुखतो! अहो दुखू दे, आम्ही काय शेक देऊ?

माझ्या पाळीला लग्नघरचे कपडे आले होते. गठ्ठे इथपर्यंत. त्यात पार बोळा केलेले सदरे. डोकं आधीच तापलेलं, आणि शेवटच्या भागात साहेब नुसते खुर्चीवर. म्हटलं, बास! आणि बोलून टाकलं मोबाईलमध्ये. 'साहेब न्हाणीघरात साबणावरून घसरले आणि गेले. सगळ्यांना फार वाईट वाटलं.' संपला भाग. लागले कामाला.

काय चुकलं सांगा. फार वाईट वाटलं असं पण घातलं होतं मी!

गुरुजी म्हणाले, अनपेक्षित वळण. ढगानं रडकं तोंड पाठवलं आणि पाळी त्याचीच असल्यामुळं लगेच अंत्यविधीचा भाग लिहायला घेतला, छत्र्याच छत्र्या. आणि पानगळ? वाचलं. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. आणि मग ग्रुपवर ती ओळ, पानगळ यांनी ग्रुप सोडला. ते वाळकं पानही गेलं, नुसता करडा गोल राहिला.

आधी मला राग आला. म्हटलं, जा! मोठी आलीय साहेबवाली. तोंड पाहिलेलं नाही एकमेकींचं, काय बिघडतंय माझं? दुसऱ्या दिवशी इस्त्री तापत ठेवली आणि मोबाईलकडे बघत बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण. एका साहेबाचा, खऱ्या हो, पांढरा शर्ट जाळला. हे म्हणाले, एवढं काय, खोटी माणसं ती. मी म्हटलं, ती खोटी असतील तर हा शर्ट कसा जळला, तो तर खरा आहे ना?

शेवटी त्या ढगाला फोन करून विचारलं. तो म्हणतो कसा, अगदी दात काढायच्या आधी बोलतात तशा आवाजात, ताई, इतका ओला टॉवेल कुणी मनानं लिहीत नाही. ते साहेब तिच्या घरातले आहेत. कदाचित... आता नसतीलही.

झालं! म्हणजे बघा, बिचारी एकटी, नवरा गेलेला, त्याची एकेक सवय आठवून आठवून कथेत जिवंत ठेवलेला, टॉवेलसकट, गुडघ्यासकट... आणि मी त्याला साबणावरून पाडला? दुसऱ्यांदा विधवा केली मी तिला! जिचं तोंड पाहिलेलं नाही तिला!

क्षमेचे निरोप पाठवले. बोलून पाठवले, भाचीकडून लिहून पाठवले. उत्तर नाही. मग ठरवलं, माणूस मी मारलाय, मीच उठवणार. गुरुजींना फोन केला की पुढची पाळी मला द्या. ते म्हणाले, नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियम तुमचे, तोंड माझं, दोन्ही मोकळे सुटले तर कोण हरेल? दिली पाळी.

पण माणूस मारणं सोपं असतं हो, उठवताना घाम फुटतो. स्वप्न चालत नाही, जुळा चालत नाही, आणि ढगानं तर दोन पानं पावसात अंत्यविधी उरकून ठेवलेला! म्हणजे गेला तो कुणीतरी गेलाच. मग कोण? तर मी लिहिलं, साहेब त्या दिवशी बाहेरगावी होते, आणि न्हाणीघरात नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. घसरला तो. अंगावर साहेबांचा जुना कोट होता म्हणून लोकांची गफलत झाली. चेहऱ्याकडे कुणी का बघितलं नाही? पावसामुळं! ढगाचा पाऊस पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला.

साहेब जिवंत! दारातून आत आले, ओला टॉवेल गादीवर टाकला. मीच टाकायला लावला, तिच्यासाठी.

आणि वाचक उठले माझ्यावर. प्लंबरला न्याय द्या! प्लंबरच्या मुलाबाळांचं काय? गरीब म्हणून त्याच्यासाठी एक ओळही नाही? आमच्या गल्लीतला प्लंबर कपडे टाकायला येतो, त्यानंही कुठून वाचलं देव जाणे. शर्ट ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि कोट घालून कोण नळ दुरुस्त करतं एवढंच विचारून गेला.

आणि त्याच दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. मला वाटलं, अजून कुणी प्लंबर. तर पलीकडून आवाज, जाडा, खडखडीत, शाळेच्या घंटेसारखा. पानगळ! मी इतके दिवस तिला नाजूक समजत होते.

"तू माझा माणूस का मारलास?"

मी रडायलाच लागले. म्हटलं, बाई, चुकले, मला ठाऊक नव्हतं तुझे मिस्टर गेलेत...

"कुठं गेलेत? आतल्या खोलीत बसलेत. हा आवाज ऐकू येतोय ना, टीव्हीचा? तेच."

म्हटलं, मग रुसलीस कशाला? मेल्यावर तरी का, आणि उठवल्यावर तरी का?

तिनं तो घंटेचा आवाज खाली आणला आणि म्हणाली, "निखारा, इतके भाग मी त्याला मरणाकडेच नेत होते ग. सावकाश. जिन्यावरून पडणार होता. गुडघा कशाला दुखवत होते मी? पण मरायच्या आधी तो एक वाक्य बोलणार होता. तेवढ्या एका वाक्यासाठी मी लिहीत होते. आणि तू त्याला साबणावरून पाडलास, न बोलता."

"काय बोलणार होता?"

"चहा चांगला झालाय."

तुम्हाला सांगते, हातातली इस्त्री मी उभी करून ठेवली. पुढं गिऱ्हाईक होतं, त्याला म्हटलं, नंतर या. पलीकडं तो टीव्ही बोलतोय, इकडं इस्त्री फुसफुसतेय. मग मी म्हटलं, परत ये. पुढचा भाग तुझा. प्लंबरचं मी बघते.

आली. वाळकं पान परत लागलं. आणि काय लिहिलं म्हणता! साहेब जिना चढतात, गुडघा धरून मध्येच बसतात, बाई कप आणून देते, साहेब एक घोट घेतात, आणि म्हणतात. त्याच पायरीवर बसून म्हणतात. गुरुजींचा एकही नियम आला नाही त्यावर, नुसतं लिहिलं, वाचताना चष्मा काढावा लागला. ढगानं पाऊस थांबवला.

आता त्यांना ढकलायचं ना खाली, ठरलं होतं तसं? नाही ढकलत! मी विचारलं तर म्हणते, आता कशाला, बोलला की तो. तेव्हापासून प्रत्येक भागात साहेब पायरीवर बसून चहा पितायत आणि चांगला झालाय म्हणतायत, आणि मला सक्त ताकीद आहे, हात लावायचा नाही. प्लंबर तेवढा फुकट गेला. आणि खऱ्या साहेबांचं काय, ते विचारलं नाही मी. टीव्हीचा आवाज येतो अजून फोनवर, त्यावरून समजायचं.

काल मीही चहा केला. आल्याचा वास दारापर्यंत, रंग असा सुरेख. ह्यांच्यापुढं ठेवला आणि उभी राहिले. हे म्हणाले, काय झालं? म्हटलं, काही नाही, प्या. प्यायले. सगळा प्यायले. मी तशीच उभी. कप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, ओठ हलले... आणि म्हणाले, साखर कमी आहे.

मी कप उचलला. तोंड पाहिलेलं आहे ना ह्यांचं, इतकी वर्षं पाहतेय, नवीन काय निघणार त्यातून? पण पुढची पाळी माझी आहे. कथेत एक नवीन माणूस येतोय, त्याला चहात साखर जास्त लागते. यावेळी घाई करणार नाही म्हणते.