खाजणातली जागा

(पनवेल. मंडपात जनसुनावणी चालली आहे : खाडीकाठचं सरकारी खाजण तेल कंपनीला रिफायनरीसाठी द्यावं की नाही. बाहेर बाकड्यावर आनंदा आणि त्याची बायको वेणू.)

आनंदा : आन् नाव पुकारल्यावर काय बोलशील? सपनात पोर येते म्हनून रिफायनरी नको?

वेणू : हसतील काय हो?

आनंदा : हसतील नाय तर काय! जमीन सरकारची. सरकार देतंय कंपनीला. तुझ्या पोटात का दुखतंय?

वेणू : सरकारची म्हंजे आपली नाय काय? तिथं चिंबोऱ्या कोन धरायचं, सरकार?

आनंदा : जल्ला, आता कोन धरतंय चिंबोऱ्या? जीवनला नोकरी लागल. जासईला कंटेनरच्या धुरळ्यात आंबलाय पोरगा.

वेणू : लागू दे की. मी कुठं नको म्हंते?

आनंदा : मंग?

वेणू : काल परत आली. मिठागराच्या बांधावरनं चालत व्हती. सगळीकडं पांढरं पांढरं, आन् तिचं पाय वलं. मोठी बाई झालीय हो, माझ्यापरीस उंच. म्हनाली, आये, तू कशी येत नायस?

आनंदा : वेणू, गप ऱ्हा.

वेणू : पाचवी पुजायच्या आधीच गेली. नावपन नाय ठेवलं. तुमी बापये तिला खाजणात घेऊन गेलात, खड्ड्यात आपल्याच मिठागराचं मीठ घातलंत. बाईमानसानं जायचं नाय, म्हनून मी दारात उभी. जागा कंदी दावली नाय मना.

आनंदा : दावून काय करनार व्हतीस? रडत बसली असतीस.

वेणू : बसली असती. आता तिथं भराव पडल, वर टाक्या बसतील. मंग मी कुठं जाऊन रडू?

जीवन : (मंडपातून बाहेर येत) आई, चल लवकर, पुढचा नंबर तुझा. आणि प्लीज, जॉबचं नीट बोल हां. त्या विरोधवाल्यांसारखं नको.

आनंदा : थांब रं जरा. वेणू, नारळी पुनवंला मी खाडीवर दोन नारळ नेतो, ठावं हाय ना?

वेणू : एक आपला, एक भावकीचा.

आनंदा : भावकीचा कसला! एक खाडीला. दुसरा तिचा. जुन्या बांधाची उघाडी हाय ना, पानी आत घ्यायची, त्या उघाडीच्या बाजूला, तिवराच्या झाडाखाली, तिला पुरली तिथं ठेवून येतो.

वेणू : दरसाल?

आनंदा : दरसाल.

वेणू : आन् मना एका शब्दानं नाय सांगितलंत.

आनंदा : तू इसरली असशील असं वाटायचं. कशाला आठवन द्या.

जीवन : बाबा, साहेब वाट बघतायत. तुम्ही तर होकार देणार होता ना?

आनंदा : व्हतो. साहेबांना सांग, म्हातारा-म्हातारी खाजणात गेलीत. ती जमीन द्यायची का नाय, ते आल्यावर बोलू.

जीवन : आत्ता? काय आहे तिथे?

वेणू : तुझी बहीन.

आनंदा : चल वेणू, ओहोटी लागलीय. तिवरापातूर पाय ठेवता येतो.

वेणू : वाटेत नारळ घेऊ?

आनंदा : घे. आज तू ठेव.