कार्ड दिसत नाही

अपेक्षा : वायफायचा ड्रायव्हर लोड झाला म्हणते हा कॉम्प्युटर दादा, कोणतीच चूक दाखवत नाई. पण शाळेचं वायफाय काही दिसत नाई.

किशोर : मंग ड्रायव्हर जुना असन. काढ तो अन् दुसरा टाक.

अपेक्षा : तीन दिवसांपासून तेच करून राहिली मी. परवा जीपनं दर्यापूरले गेली, पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर आणला. काल पुन्हा गेली. नेट नाई म्हणून ड्रायव्हर भेटत नाई, अन् ड्रायव्हर नाई म्हणून नेट नाई. डोकं फिरलं माहं.

किशोर : लिनक्स असंच असते. धीर लागते त्याले.

अपेक्षा : धीर कुठून आणू? सकाळी साध्या फोनवर मेसेज आला का यादीत नाव आलं, पाच वाजेलोक नेटवर सीट पक्की नाई केली तं अमरावतीचं कॉलेज गेलं. सव्वाचार झाले. सकाळीच दर्यापूरले गेली असती मी. तू म्हंतलं, थांब, दुपारलोक इथंच चालू करून देतो.

किशोर : करूनच राहिलो ना. टाक आखीन एकदा.

अपेक्षा : नाई. आता ड्रायव्हर सोड. आत कोणकोणतं सामान बसेल हाय, त्याची यादी काढतो.

किशोर : कायले टाइम घालवतं?

अपेक्षा : तूच शिकवलं मले. पॉलिटेक्निकात होता तवा. पयले सामान हाय का ते पाहाव, मंग ड्रायव्हर... साउंड हाय. ग्राफिक्स हाय. वायफायची ओळच नाई दादा.

किशोर : वायफायचं कार्ड जळलं असन.

अपेक्षा : पाहातो. झाकण उघडतो.

किशोर : राहू दे ते अपेक्षा.

अपेक्षा : याचे दोन स्क्रू कुठी गेले? ... दादा, इथं कार्डच नाई. दोन वायरी मोकळ्या पडेल हायेत.

किशोर : हं.

अपेक्षा : कुठी हाय कार्ड?

किशोर : माह्या खिशात.

अपेक्षा : दे.

किशोर : पाच वाजू दे, देतो.

अपेक्षा : मस्करी नको करू. अजून अर्धा तास हाय. बसवाले दोन मिनिटं लागतात.

किशोर : म्हणूनच तं पाच म्हणून राहिलो.

अपेक्षा : तुले माहीत होतं? मी दोन डाव दर्यापूरले गेली, जीपच्या टपावर बसून आली, अन् तू खिशात घेऊन फिरून राहिला?

किशोर : काल सांगणार होतो. तू पेन ड्राइव्ह लावून बसेल होती. मी म्हंतलं, मले दे, मी पाहातो. तं तू काय म्हणली? दादा, तुले आता यातलं कळत नाई.

अपेक्षा : मले टेन्शन होतं रे. तोंडातून निघून गेलं.

किशोर : दोन साल पीक बुडालं, तवा पॉलिटेक्निक कोणी सोडलं? मीच ना? वखर हाती घेतला अन् तो कॉम्प्युटर तुले देला. अन् मलेच कळत नाई.

अपेक्षा : चुकली मी. पाय धरू का तुये? दे ना दादा.

किशोर : उठ. पाय नको धरू.

अपेक्षा : आईले बलावतो मी. आई!

किशोर : बलाव. स्क्रू काढाले पेचकस तिनंच शोधून देला मले. पोरगी जवळ राहीन म्हणे.

अपेक्षा : आईनं?

किशोर : हौ.

(घड्याळात पाच वाजून जातात.)

किशोर : घे. पाच मिनिटं वर झाले.

अपेक्षा : (कार्ड घेऊन बसवू लागते.)

किशोर : काळी वायर त्या बाजूनं लाव. हं. बसलं?

अपेक्षा : बसलं. शाळेचं वायफाय दिसून राहिलं.

किशोर : पान उघडलं?

अपेक्षा : उघडलं. मुदत संपली म्हणते.

किशोर : मंग बंद कर ते. अन् लवकर झोपजो. उद्या सात वाजता वावरात निंदाले जाचं हाय.