जुन्या कॉम्प्युटरला काय झेपतं

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपले ग्रंथपाल सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोर जमलेल्या वाचक बंधू-भगिनींनो,

मी मॅट्रिक झालेली बाई. ग्रंथालयाचा जमाखर्च बघते, म्हणून मला बोलायला उभं केलंय. हाराऐवजी एकच फूल का, असं मघाशी कुणी कुजबुजलं. हार उद्या सुकणारच होता.

सरांच्या विद्येबद्दल सांगते. कुणी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर देणगी म्हणून आणून टाकावा, सरांनी झाकण उघडून आत फुंकर मारावी आणि सांगावं, हा केव्हाचा, याच्यावर कुठला प्रोग्राम चालेल, कुठला घातला तर मान टाकेल. दुरुस्तीवालेसुद्धा त्यांना विचारायला यायचे.

पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर माझी धाकटी जाऊ बसायची. तिच्यापुढे असाच देणगीतला एक कॉम्प्युटर होता. सरांनी त्याच्यावर नवा प्रोग्राम घातला आणि एक बटण दाबलं की पडदा गोठायला लागला. रांग दारापर्यंत जायची. आपणच होतात ना त्या रांगेत? 'बाई झोपल्या का?' असं विचारणारे गृहस्थ आज पहिल्या रांगेत आहेत, आणि चांगले जागे आहेत.

सर तिच्या मागे उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "कॉम्प्युटर ठणठणीत आहे. तुमची बोटंच चालत नाहीत."

ती घरी टेबलावर बोटं आपटून सराव करायची. दीर अंथरुणाला खिळलेले, घरात पगार तिचाच. तरी शेवटी तिनं राजीनामा दिला.

तिच्या जागी सरांची मेहुणी आली. गुणी मुलगी, तिचा काही दोष नाही. तोच कॉम्प्युटर, तीच खुर्ची, आणि रांग भराभर सरकू लागली. मी विचारलं, "सर, काय जादू केलीत?"

"जादू कसली, ताई? जुना प्रोग्राम परत घातला. या डबड्याला नवा झेपणार नाही, हे मी झाकण उघडलं त्याच दिवशी ओळखलं होतं."

त्याच दिवशी. आपण कुणाशी बोलतोय हेही अभिमानाच्या भरात त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. वहिनी, सरांना जरा पाणी द्या.

मी तेव्हा वाद घातला नाही. चार भिंतींत बोललेलं भिंतींतच राहतं. देवापुढे दिवा लावताना रोज एवढंच मागितलं, की सरांचा निरोप थाटात होऊ दे, सभागृह भरू दे. देवानं ऐकलं.

जाऊ शेवटच्या रांगेत बसली आहे. मी बोलू नये म्हणून मघापासून हात जोडते आहे. पण तिला मंद ठरवलं ते चारचौघांत, मग निवाडा कोपऱ्यात कसा करायचा? ऊठ गं. उभी राहा. खाली बघू नकोस, लोकांना चेहरा दिसू दे.

सर, आता आपलं उत्तराचं भाषण. बाकीचं राहू द्या. 'दोष कॉम्प्युटरचा होता आणि मला ते ठाऊक होतं,' एवढंच बोला. आपण बोलेपर्यंत ती उभी राहील.

अध्यक्ष महाशयांनी दोनदा घंटी वाजवूनही मला बोलू दिलं, त्यांचे आभार. शिकलेली फार नाही, शब्दांत कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी.

या सर, माइक चालूच ठेवलाय.